पेज मॅपिंगच्या पॅचमधली तीच चूक रिव्ह्यूतून पुन्हा पुन्हा सुटते तेव्हा

तक्रार साधारण अशी येते. मशीन तीन आठवडे भरपूर लोडखाली व्यवस्थित चाललं आणि एका रात्री एखादी प्रोसेस विनाकारण पडली. तिच्या हीपमध्ये (तिच्या कामाच्या मेमरीत) भलत्याच प्रोसेसचे बाइट सापडले. कर्नल लॉगमध्ये कधी ‘बॅड पेज मॅप’ दिसतं, कधी काहीच दिसत नाही. बरीच शोधाशोध केल्यावर बोट एका छोट्या पॅचकडे, म्हणजे कोडमधल्या बदलाकडे, जातं. पंधरा-वीस ओळींचा, दोघांनी वाचलेला, ठीक वाटतो म्हणून मंजूर झालेला. दुरुस्ती होते, आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच फाइलमध्ये त्याच जातीची चूक पुन्हा आत शिरते.

लिनक्स कर्नलच्या मेमरी भागातले पॅच वाचताना हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचा साचा ओळखता येतो. पेज टेबल म्हणजे प्रोसेसचा कोणता पत्ता मेमरीच्या कोणत्या तुकड्यावर, म्हणजे पेजवर, जातो याची यादी. तिच्यातली नोंद बदलणाऱ्या कोडमध्ये प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे बरोबर असू शकते. चूक असते ती दोन ओळींच्या मधल्या क्षणात, आणि डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) तो क्षण दाखवत नाही. तो दाखवतो बदललेल्या ओळी आणि आजूबाजूच्या तीन-तीन ओळी. लॉक (इतरांना थांबवणारं कुलूप) कुठे घेतलं, कुठे सोडलं, फ्लश (प्रोसेसरने जपलेल्या जुन्या नोंदी पुसणं) कधी झाला, पेज परत कधी गेलं हे बहुतेक वेळा त्या चौकटीबाहेर असतं.

आधी लक्षण नीट वाचा

लॉगमधला संदेश फुकट मिळालेला पुरावा असतो, पण पुष्कळ जण त्याचा स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनमधून कुठे आलो ती यादी) पाहतात आणि आकडे सोडून देतात.

‘बॅड आरएसएस-काउंटर स्टेट’ हा संदेश प्रोसेस संपताना येतो. प्रोसेसच्या नावे किती पेजेस आहेत ती मोजणी जुळली नाही एवढंच तो सांगतो, पण सोबत प्रकारही देतो: फाइलची पेजेस, अनामिक (कोणत्याही फाइलची नसलेली) पेजेस, स्वॅपच्या (डिस्कवर हलवलेल्या पेजेसच्या) नोंदी की शेअर्ड मेमरी. आकडा ५१२ किंवा त्याच्या पटीत असेल तर थेट मोठ्या पेजच्या वाटेकडे जा, कारण ४ केबीची ५१२ पेजेस म्हणजे २ एमबीचं एक मोठं पेज. आकडा १ किंवा २ असेल तर एखाद्या कडेच्या प्रकरणात मोजणी वाढवायची किंवा घटवायची राहिली आहे. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तिथे शून्य पेज (शून्यांनी भरलेलं, सगळ्यांचं सामायिक पेज) असतं. त्या पेजची मोजणी करायची नसते, आणि नव्या कोडने ती केलेली असते.

प्रोसेस संपताना पेज टेबलांचे बाइट शून्य नाहीत अशी ओळ आली आणि आकडा ४०९६ असला, तर एक टेबल गळलं आहे. हे शोधायला सोपं: नवीन टेबल वाटप करून मग चुकीच्या वाटेने परत फिरणारा कोड पाहा.

‘बॅड पेज मॅप’मध्ये नोंदीची किंमत, पत्ता आणि त्या भागाचे फ्लॅग छापले जातात. ती किंमत हाताने उलगडून पाहा. खालचे बिट पाहिले की नोंद हजर आहे, स्वॅपची आहे की निव्वळ कचरा आहे ते कळतं. ‘बॅड पेज स्टेट’ म्हणजे पेज फ्री होताना कुणीतरी ते अजून मॅप केलेलं होतं किंवा त्याच्यावर नको ते फ्लॅग शिल्लक होते.

फाइलमध्ये लिहिलेलं गायब होत असेल तर डर्टी बिटचा, म्हणजे पेजवर लिहिलं गेल्याच्या नोंदीतल्या खुणेचा, संशय घ्या. प्रोसेस एकाच पत्त्यावर फॉल्टमागून फॉल्ट (नोंद किंवा परवानगी नसल्याने कर्नलकडे जाणं) घेत कोअर जाळत असेल, तर फॉल्ट हँडलर काहीच न बदलता ‘झालं’ म्हणून परततो आहे.

उरलं ते सगळ्यात वाईट लक्षण: कोणताही संदेश नाही, फक्त मेमरी बिघडलेली. तिथे बहुतेक वेळा टीएलबीचा (प्रत्येक कोअर पेज टेबलच्या नोंदींच्या प्रती जपतो त्या जागेचा) क्रम चुकलेला असतो.

क्रम: काढा, फ्लश करा, मग सोडा

नियम सगळ्यांना पाठ आहे. आधी पेज टेबलमधली नोंद काढायची, मग सगळ्या कोअरांच्या टीएलबीमधून ती पुसायची, आणि त्यानंतरच पेज परत द्यायचं. यातली शेवटची दोन कामं उलट झाली तर दुसऱ्या कोअरच्या टीएलबीमध्ये जुनी नोंद जिवंत असताना पेज तिसऱ्याला मिळतं. मग पहिल्या प्रोसेसचा थ्रेड निवांतपणे तिसऱ्याच्या मेमरीत लिहीत राहतो.

नियम पाठ असूनही चूक होते, कारण ती कधी सरळ समोर येत नाही. एमरीमॅप हा मॅपिंग दुसऱ्या पत्त्यावर हलवणारा सिस्टम कॉल. त्याचं उदाहरण मी प्रत्येक नव्या रिव्ह्यूअरला दाखवतो. ही चूक ३.२ आवृत्तीपासून कर्नलमध्ये होती आणि २०१८ मध्ये ४.१९ येताना दुरुस्त झाली. सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला तिचा क्रमांक सीव्हीई-२०१८-१८२८१. जवळपास सात वर्षं असंख्य लोकांनी तो कोड वाचला. घडत होतं ते असं:

पहिला थ्रेड एमरीमॅप करतो. जुन्या पत्त्याची नोंद काढून नव्या पत्त्यावर लावतो. पेज टेबलचं लॉक सोडतो. फ्लश अजून व्हायचा आहे.

दुसरा थ्रेड नेमका तेव्हा ते पेज ज्या फाइलचं आहे ती ट्रंकेट करतो, म्हणजे कापून छोटी करतो. त्याला पेज नव्या पत्त्यावर सापडतं. तो ती नोंद काढतो, नव्या पत्त्याचा फ्लश करतो, पेज सोडून देतो. त्याने नियम पूर्ण पाळला.

तिसरा थ्रेड जुन्या पत्त्यावर लिहितो. त्याच्या कोअरच्या टीएलबीमध्ये जुनी नोंद तशीच आहे. पेज मात्र आता दुसऱ्याचं झालेलं.

दुरुस्ती म्हणजे फ्लश लॉक सोडण्याच्या आधी आणला, बस. हलल्या त्या मोजक्या ओळी. पण त्या का हलल्या हे डिफ पाहून कळत नाही, कारण अडचणीचा दुसरा भाग ट्रंकेटच्या कोडमध्ये आहे आणि त्या फाइलला पॅचने हातही लावलेला नाही.

माझ्या हातून अशीच एक चूक सुटली आहे. एका ड्रायव्हरच्या पॅचमध्ये प्रत्येक पेजमागे होणारा फ्लश काढून लूपच्या शेवटी एकच मोठा फ्लश केला होता. वेग वाढला होता, आकडेही दिले होते. लूपनंतर फ्लश आहे, पेजेस त्यानंतर सोडली जातात, हे मी पाहिलं आणि मंजुरी दिली. लूपच्या आत एक छोटं मदतनीस फंक्शन होतं. ते दर काही फेऱ्यांनी लॉक सोडून इतरांना संधी देत होतं आणि पुन्हा घेत होतं. ते फंक्शन जुनं होतं, म्हणून डिफमध्ये नव्हतं. मी ते उघडून पाहिलं नाही. तेव्हापासून माझी सवय अशी: फ्लश हलवणारा पॅच आला की नोंद काढल्यापासून फ्लशपर्यंत येणारं प्रत्येक फंक्शन उघडायचं आणि त्यात लॉक सोडलं जातं का एवढंच शोधायचं. वेळ लागतो. दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

एकगठ्ठा फ्लशसाठी कर्नलमध्ये एमएमयू गॅदरची सोय आहे. ती पेजेस गोळा करते, फ्लश करते आणि मग सोडते. पॅच ही सोय टाळून नोंद काढल्यावर लगेच स्वतःच पेज सोडत असेल, तर तिथे थांबून कारण विचारा.

फ्लश केव्हा हवाच आणि केव्हा नको, यावरही गोंधळ होतो. परवानगी कमी करत असाल, म्हणजे लिहिता येण्याजोगं पेज फक्त वाचण्याजोगं करत असाल, तर फ्लश हवाच. परवानगी वाढवत असाल तर जुनी नोंद वापरणाऱ्याला फार तर एक जादा फॉल्ट येईल आणि तो स्वतःच निस्तरेल. नसलेली नोंद हजर करताना एक्स८६ प्रोसेसरवर फ्लश लागत नाही, पण रिस्क-पाच प्रोसेसरचं प्रमाण गैरहजर नोंदीसुद्धा टीएलबीमध्ये ठेवायला परवानगी देतं. आर्म६४चा नियम आणखी कडक आहे: जिवंत नोंदीचा भौतिक पत्ता बदलायचा असेल, किंवा मोठं पेज फोडून छोटी करायची असतील, तर आधी नोंद रद्द करायची, फ्लश करायचा, मगच नवी लिहायची. ‘माझ्या मशीनवर चालतं’ हे उत्तर एक्स८६वर तपासलेल्या पॅचसाठी अपुरं आहे ते यामुळेच.

‘पण लॉक तर घेतलंय’

रिव्ह्यूमध्ये सर्वात जास्त ऐकू येणारं उत्तर हेच. एमएमॅप लॉक (प्रोसेसच्या सगळ्या मॅपिंगवरचं एक लॉक) लिहिण्यासाठी घेतलं आहे, म्हणजे आपण एकटे आहोत, असा समज असतो. तो चुकीचा आहे, आणि माझ्या मते या भागातल्या निम्म्या चुकांचं मूळ तिथेच आहे.

एमएमॅप लॉक प्रोसेसच्या बाजूने येणाऱ्यांना अडवतं. पेजच्या बाजूने येणारे ते घेतच नाहीत. मेमरी परत मिळवणारा कोड, पेज एका मेमरी नोडवरून दुसऱ्या मेमरी नोडवर हलवणारा कोड, फाइल ट्रंकेट करणारा कोड हे सगळे आधी पेज धरतात आणि उलट्या मॅपिंगने ते कुठे कुठे मॅप झालंय ते शोधत तुमच्या नोंदीपर्यंत येतात. त्यांच्या आणि तुमच्या मध्ये असतं ते फक्त पेज टेबलचं छोटं लॉक.

तेही न घेणारे आहेत. युझर पेजेस पिन करणारी (हलू नयेत म्हणून धरून ठेवणारी) जलद वाट कोणतंच लॉक न घेता टेबलं चालते. ती फक्त इंटरप्ट (कोअरचं काम मध्येच थांबवणारे इशारे) बंद ठेवते. टेबल फ्री करण्याआधी इतर कोअरांना इंटरप्ट पाठवला जात असेल तर तो इंटरप्ट या वाटेचं काम संपेपर्यंत थांबतो, आणि त्यामुळे टेबल पायाखालून निघून जात नाही. पण आर्म६४मध्ये फ्लश हार्डवेअरच सगळीकडे पोहोचवतं, इंटरप्ट जातच नाही. म्हणून तिथे टेबलं आरसीयूमार्फत (वाचणारे सगळे बाहेर पडेपर्यंत थांबणाऱ्या कर्नलच्या सोयीमार्फत) उशिरा फ्री करावी लागतात. पेज टेबलची पेजेस फ्री करण्याची वाट बदलणारा पॅच असेल तर हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग हार्डवेअर स्वतः आहे. प्रोसेसर टेबल चालताना ॲक्सेस्ड आणि डर्टी बिट आपणहून लावतो. त्याला तुमचं लॉक माहीत नाही. शेवटी व्हर्च्युअल मशीन आणि काही उपकरणं: त्यांची स्वतःची वेगळी टेबलं असतात आणि एमएमयू नोटिफायरने कळवलं नाही तर त्यांना बदलाचा पत्ताच लागत नाही.

भरीला लॉकचा अर्थही काळाबरोबर बदलत गेला आहे. ५.८ मध्ये, म्हणजे २०२० साली, एमएमॅप सेमचं एमएमॅप लॉक झालं, ते नुसतं नाव बदलणं होतं. पण २०२३ मध्ये ६.४ पासून प्रत्येक व्हीएमएला, म्हणजे प्रोसेसच्या पत्त्यांच्या प्रत्येक सलग भागाला, स्वतःचं लॉक आलं, आणि बरेच पेज फॉल्ट आता एमएमॅप लॉक न घेताच होतात. जुन्या फंक्शनवरची ‘इथे एमएमॅप लॉक घेतलेलं आहे’ ही टीप अजून खरी असते, तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र कालबाह्य झालेला असतो. व्हीएमए बदलणाऱ्या कोडने आधी त्या व्हीएमएवर लेखनाचा हक्क घेतला आहे का, हे आता वेगळं पाहावं लागतं.

गृहीतक जुनं राहिलं आणि खालची रचना बदलली की काय होतं, ते स्टॅकरॉट नावाच्या चुकीत दिसलं. ६.१ मध्ये व्हीएमए ठेवायला मेपल ट्री नावाची झाडासारखी रचना आली. स्टॅक वाढवण्याचा कोड मात्र पूर्वीसारखाच फक्त वाचण्यासाठी घेतलेल्या लॉकखाली चालत होता. जुन्या रचनेत ते निभावून जात होतं. नव्या झाडात बदल करताना नोड बदलला जाई आणि जुना नोड आरसीयूमार्फत फ्री होई, पण तेच वाचणारे दुसरे थ्रेड आरसीयूच्या संरक्षणात नव्हते. ही चूक २०२३ मध्ये दुरुस्त झाली.

वाचलं आणि लिहिलं, यांच्या मध्ये

डर्टी बिटची चूक शोधायची खूण सोपी आहे. नोंद वाचली, स्थानिक चलात बदल केला, परत लिहिली: अशा तीन पायऱ्या दिसल्या की थांबा. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये दुसऱ्या कोअरने त्या पेजवर लिहिलं, हार्डवेअरने डर्टी बिट लावला, आणि तुम्ही जुनी किंमत वर ठेवून तो पुसून टाकला. पेज स्वच्छ समजलं जातं आणि डिस्कवर न जाताच सोडलं जातं. बदल असा करायचा की जुनी किंमत घेणं आणि नोंद रिकामी करणं एकाच अविभाज्य क्रियेत होईल. मग मिळालेल्या किमतीत डर्टी बिट असेल तर तो पेजकडे पोहोचवायचा, आणि हे उलटं मॅपिंग काढण्याआधी करायचं.

पेज नवं लावतानाही क्रम असतो. पेजमध्ये शून्यं भरली ती इतर कोअरांना नोंदीच्या आधी दिसली पाहिजेत. नाहीतर दुसरा थ्रेड नव्या नोंदीतून पेजचा जुना मजकूर वाचेल. कर्नलमध्ये हा क्रम राखणारा अडसर पेज ‘अप-टू-डेट’ म्हणून खूण करण्याच्या क्रियेत लपलेला आहे. ‘ही ओळ इथे अनावश्यक आहे’ म्हणून ती काढणारा साफसफाईचा पॅच दिसला तर नको म्हणा.

वरच्या पातळीवरची नोंदही अशीच हलते. एक्स८६-६४वर सहसा चार पातळ्या, प्रत्येकीत ९ बिट, म्हणजे ५१२ नोंदी. त्यातल्या पीएमडी (शेवटून दुसऱ्या) पातळीवर खाली टेबल असतं किंवा थेट २ एमबीचं पेज असतं, आणि हे तुम्ही पाहत असतानाच बदलू शकतं. म्हणून ती किंमत एकदाच वाचायची आणि त्या एका प्रतीवरच सगळे निर्णय घ्यायचे. दोनदा वाचली तर दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात, आणि कंपायलर तुमच्या एका वाचनाची दोन वाचनं करू शकतो, म्हणून ‘रीड वन्स’ हवं. ६.५ पासून ‘पीटीई ऑफसेट मॅप लॉक’ (शेवटच्या टेबलातली नोंद लॉकसह मिळवणारं फंक्शन) नल, म्हणजे रिकामा पत्ता, परत देऊ शकतं, कारण खालचं टेबल मधल्या काळात काढून घेतलेलं असू शकतं. नल आलं तर पुन्हा प्रयत्न करायचा की तो तुकडा सोडून पुढे जायचं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरतं. पॅचमध्ये नल तपासून सगळीकडे सरसकट शून्य परत केलं असेल, तर लेखकाने तो विचार केलेला नाही असं धरून चाला.

डर्टी काऊ नावाची चूकही याच घराण्यातली. २००७ च्या २.६.२२ पासून ऑक्टोबर २०१६ पर्यंत ती कर्नलमध्ये होती. लिहिण्यासाठी खासगी प्रत तयार झाली हे पहिल्या फेरीत पाहिलं, आणि पुढच्या फेरीत ते अजून खरंच आहे असं धरलं. मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने ‘डोन्ट नीड’ (हे पेज आता नको) सांगून ती प्रत टाकून दिली, आणि लेखन थेट मूळ फाइलच्या पेजवर गेलं. ती दुरुस्त झाल्यावर मोठ्या पेजच्या वाटेत फट राहिली होती, ती २०१७ मध्ये सापडली. तेव्हा साध्या पेजसाठी केलेली कोणतीही दुरुस्ती वाचताना पारदर्शक (कर्नल आपणहून देतं ती) मोठी पेजेस आणि ह्यूजटीएलबी (वेगळी मागून घेतलेली मोठी पेजेस) या दोन्ही वाटा स्वतंत्रपणे विचारा.

‘नोंद रिकामी नाही, म्हणजे तिथे पेज आहे’ असा तर्क दिसला तर तो लगेच खोडा. नोंद स्वॅपची असू शकते, स्थलांतर चालू असल्याची असू शकते, बिघडलेल्या मेमरीची खूण असू शकते.

लेखकाकडे काय मागायचं

‘इथे रेस वाटते’, म्हणजे थ्रेडचा क्रम तसा जुळला तर बिघडेल, अशी टिप्पणी कुणाच्याच उपयोगाची नसते. लेखक ‘मला नाही वाटत’ म्हणतो आणि विषय संपतो. वर एमरीमॅपसाठी लिहिली तशी कोअरनिहाय घटनांची यादी लिहा. ती लिहिता आली तर चूक सिद्ध होते. लिहिताना मध्येच अडलात, तर ज्या लॉकने तुम्हाला अडवलं त्याचं नाव लेखकाने पॅचच्या वर्णनात लिहावं असा आग्रह धरा.

चाचणी मागताना एक गोष्ट लक्षात ठेवा. काझान हे मेमरी तपासणारं साधन कर्नलच्या स्वतःच्या चुका पकडतं. जुन्या टीएलबी नोंदीतून होणारं लेखन युझरच्या साध्या सूचनेने होतं, आणि ते काझानला दिसतच नाही. तिथे पेज पॉयझनिंग कामाला येतं: फ्री झालेल्या पेजमध्ये ठरावीक नमुना भरला जातो आणि पेज पुन्हा वाटताना तो तसाच आहे का ते तपासलं जातं. सोबत डीबग व्हीएम, लॉकडेप (लॉकचा वापर तपासणारं) आणि ५.१७ पासून मिळणारं पेज टेबल चेक या कर्नलच्या तपासण्या चालू ठेवा. एका कोअरच्या व्हर्च्युअल मशीनवर केलेली चाचणी या प्रश्नाबद्दल काहीच सांगत नाही.

आणि संशयित जागी, नोंद काढणं आणि फ्लश यांच्या मध्ये, तात्पुरता काही मायक्रोसेकंदांचा विलंब घाला. तीन थ्रेडचा छोटा प्रोग्राम लिहा: एक मॅपिंग हलवणारा, एक ट्रंकेट किंवा ‘डोन्ट नीड’ करणारा, एक सतत लिहिणारा. तीन आठवड्यांनी दिसणारी गोष्ट अशाने कधी कधी मिनिटभरात दिसते. विलंब घालूनही दिसली नाही तर क्रम बरोबर आहे असं सिद्ध होत नाही, पण लॉकची यादी आणि ही चाचणी दोन्ही हातात असतील तर मी मंजुरी देतो.

जुन्या स्थिर शाखांवर, म्हणजे अजून दुरुस्त्या मिळणाऱ्या जुन्या आवृत्त्यांवर, पॅच नेताना हे सगळं नव्याने तपासावं लागतं. ६.५ नंतरचा पॅच नल येऊ शकतं हे धरून लिहिलेला असतो आणि टेबल हरवण्यापासूनचं संरक्षण त्या फंक्शनवर सोपवतो. ६.१ वर ते फंक्शन तशी हमी देत नाही, तिथे व्हीएमएचं स्वतंत्र लॉकही नाही. पॅच विनातक्रार लागतो, कंपाइलही होतो. म्हणून त्या शाखेवरची घटनांची यादी वेगळी लिहून मागा, मुख्य शाखेवरची चालवून घेऊ नका.